अडीच वर्षांत दीड फॉर्म: हाँगकाँगमधल्या एका हुंग कुएन क्लासचे परीक्षण

शाम शुई पो भागातल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भरणाऱ्या या क्लासला मी अडीच वर्षांपासून जाते आहे. एवढ्या काळात मला एक फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एक संच, पूर्ण आणि दुसरा निम्म्याहून थोडा अधिक, इतकेच शिकवले गेले. हे वाचून पुष्कळांना क्लास संथ वाटेल आणि तो संथ आहेच. पण दक्षिण चीनमधल्या या युद्धकलेचे रिकाम्या हातांचे फॉर्म मनापासून शिकायचे असतील तर हीच गती योग्य आहे, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. ते का बनले हे नीट सांगता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. क्लासचे नाव मी देणार नाही. जागा लहान आहे, एका वेळी बारा-तेरा जणांपेक्षा जास्त माणसे तिथे मावत नाहीत, आणि आपल्या नावाची जाहिरात कुठेही होऊ नये अशी सिफूंची, म्हणजे आमच्या गुरूंची, जुनी अट आहे. ती मी पाळते आहे.

हुंग कुएन, ज्याला हुंग गा असेही म्हणतात, ही ग्वांगडोंग प्रांतातल्या पाच प्रमुख घराण्यांपैकी एक शैली. हुंग, लाउ, चोय, लेइ आणि मोक अशी ती पाच घराणी सांगितली जातात. या शैलीचा उगम दक्षिणेतल्या शाओलिन मठाशी आणि हुंग हेइ-गुन नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याशी जोडणारी कथा प्रत्येक क्लासमध्ये ऐकायला मिळते, पण ती कथाच आहे. इतिहासाच्या पक्क्या जमिनीवर पाय टेकतात ते या शैलीतले प्रसिद्ध गुरू वाँग फेई-हुंग यांच्यापाशी. त्यांचा जन्म १८४७चा. वडील वाँग केइ-यिंग यांची गणना ‘कँटनच्या दहा वाघां’मध्ये, म्हणजे ग्वांगडोंगमधल्या दहा नामांकित युद्धकलावंतांमध्ये, होत असे, आणि स्वतः फेई-हुंग हाडवैद्यही होते. ग्वांगझौमधला त्यांचा ‘पो ची लाम’ हा दवाखाना १९२४च्या दंगलीत जळाला. त्यांचे शिष्य लाम साई-विंग व्यवसायाने खाटीक होते. पुढे त्यांनी हाँगकाँगमध्ये शिकवले आणि मुख्य फॉर्म पुस्तकरूपाने छापून ठेवले. वाँग फेई-हुंग यांच्या शेवटच्या पत्नी मोक क्वाई-लान यांनीही हाँगकाँगमध्ये १९८२ साली झालेल्या त्यांच्या निधनाच्या आधी अनेक वर्षे ही विद्या शिकवली. माझ्यासारख्या, वयाच्या चाळिशीत या वाटेला आलेल्या बाईला त्यांचा मोठा आधार वाटतो, हे इथेच सांगून टाकते. आज या शहरात जे हुंग कुएन शिकवले जाते, त्यातले बरेचसे या ना त्या मार्गाने याच परंपरेपर्यंत पोहोचते.

या परंपरेत रिकाम्या हातांचे चार फॉर्म आधारस्तंभ मानले जातात. पहिला गुंग जी फुक फू कुएन, म्हणजे वाघाला नमवणारा फॉर्म. दुसरा फू होक सेउंग यिंग कुएन, म्हणजे वाघ आणि करकोचा यांच्या जोडरूपाचा. तिसरा पाच प्राण्यांचा किंवा त्यात पंचतत्त्वे मिळवून झालेला दहा रूपांचा. आणि चौथा तिट सिन कुएन, म्हणजे लोखंडी तारेचा. फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या हालचालींची माळ. बाहेरून पाहणाऱ्याला ती कवायत किंवा नृत्य वाटते. प्रत्यक्षात ती एक वही आहे, पण कागदाऐवजी शरीरावर लिहिलेली, आणि ज्याला लिपी शिकवलेली नाही त्याच्या हाती ती दिली तर तो फक्त पाने उलटत बसतो.

मी तशीच पाने उलटत बसले होते. या क्लासला येण्यापूर्वी याच शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत मी वर्षभर शिकले. तिथे दर तीन महिन्यांनी नवा फॉर्म, प्रत्येक फॉर्मनंतर परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेचे वेगळे शुल्क, अशी रचना होती. वर्षअखेरीस माझ्या नावावर चार फॉर्म आणि चार प्रमाणपत्रे जमा झाली होती, आणि त्यासोबत उजव्या गुडघ्याचे दुखणेही. घोड्याची बैठक खोल दिसावी म्हणून आम्हाला खाली बसायला सांगितले जाई. गुडघा आत कोसळतो आहे की पायाच्या बोटांच्या दिशेने राहतो आहे, हे कोणी पाहत नसे. जिना उतरताना कळ येऊ लागली तेव्हा मी ती संस्था सोडली. मला राग आला तो दुखण्याचा नव्हे. चार फॉर्म शिकूनही त्यातली एकही हालचाल कशासाठी आहे हे मला सांगता येत नव्हते, याचा आला.

नव्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी सिफूंनी मला जुना फॉर्म करून दाखवायला सांगितला. मी पंधरा-वीस हालचाली केल्या असतील. त्यांनी हात वर करून थांबवले, भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले आणि पुढचे तीन महिने एकाही फॉर्मचा उच्चार केला नाही. ते कँटोनीज बोलतात, इंग्रजी मोजकेच. माझे कँटोनीज तेव्हा बाजारापुरते होते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात मधला दुवा होत्या सी-जे, म्हणजे आमच्या थोरल्या गुरुभगिनी. या नात्यांच्या शब्दांना इथे खरोखर वजन आहे: आधी आलेला पुरुष तो सी-हिंग, आधी आलेली स्त्री ती सी-जे, सिफूंचे गुरू ते सी-गुंग, आणि इथे वयाने नव्हे तर क्लासला लागलेल्या तारखेने मोठेपण ठरते. मला शिकवणाऱ्या सी-जे माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत.

तीन महिने चालले ते सेइ पिंग मा. पावले एकमेकांना समांतर, खांद्यांच्या साधारण दुप्पट अंतरावर. पाठ सरळ, मांड्या जमिनीला समांतर होऊ पाहणाऱ्या, आणि गुडघे पावलांच्या वर, आत न झुकलेले. याला घोड्याची बैठक म्हणतात. जुन्या काळी विद्यार्थ्याला तीन वर्षे याच बैठकीत ठेवत, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. सिफूंनी मला अर्धी खोली दिली, म्हणजे जितके बसल्यावर गुडघा कुरकुरणार नाही तितकेच, आणि दर आठवड्याला बोटभर खाली जायला सांगितले. एक-एक मिनिटाच्या पाच बैठका, मध्ये चालणे, मग पुन्हा पाच. माझ्या तळपायाखाली ते अधूनमधून एक जुने वर्तमानपत्र सरकवत आणि ओढून पाहत. कागद सहज निघाला तर वजन टाचेवर गेलेले असे. अडकला तर ठीक. इतकी साधी युक्ती, पण पावलाची आतली कडा उचलली जाते की नाही हे मला तिच्याशिवाय कधीच कळले नसते. सहाव्या आठवड्यानंतर जिना उतरताना कळ येणे बंद झाले. याला मी वैद्यकीय सल्ला म्हणून मांडत नाही. बैठक नीट शिकवली तर काय फरक पडतो, एवढेच नोंदवते.

चौथ्या महिन्यात गुंग जी सुरू झाला. ‘गुंग’ हे चिनी अक्षर वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ आणि दोन्हींना जोडणारी उभी रेघ असे लिहितात, आणि फॉर्म करताना पावले जमिनीवर हेच अक्षर रेखाटतात. म्हणून ते नाव. फॉर्म लांबलचक आहे. त्याचा पूर्वार्ध मुख्यतः बैठक आणि ‘किउ’ म्हणजे पूल घडवण्यात जातो, आणि उत्तरार्धात वाघाचे पंजे मोकळे होतात. दक्षिणेकडच्या शैलींमध्ये मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताला पूल म्हणतात, कारण दोन माणसे भिडतात ती तिथेच आणि एकाचे बळ दुसऱ्याकडे जाते तेही त्यावरूनच. ‘दक्षिणेची मूठ, उत्तरेचे पाय’ अशी चिनी म्हण आहे. गुंग जीचा पूर्वार्ध केला की या म्हणीचा पहिला भाग अंगी भिनतो.

या पूर्वार्धातल्या एका जागेवर मी जवळजवळ पाच आठवडे अडकले होते, आणि क्लासची पद्धत कळण्यासाठी ती जागा जवळून दाखवणे आवश्यक आहे. घोड्याच्या बैठकीत दोन्ही मुठी कमरेला खेचलेल्या असतात. या स्थितीचे पारंपरिक नाव ‘दोन वाघ माग लपवतात’ असे आहे. तिथून हात छातीसमोर येतात, तर्जनी उभी राहते, बाकीची बोटे आणि अंगठा वाकून घट्ट होतात, आणि दोन्ही तळवे अगदी हळूहळू पुढे ढकलले जातात, समोर एखादा जड दरवाजा असल्यासारखे. मग परत, मग पुन्हा पुढे, असे तीनदा. प्रत्येक वेळी श्वास सोडायचा तो दाबून, दातांमधून. पाहायला यात काहीच नाही. करताना मात्र पहिल्याच खेपेला माझे खांदे कानांपर्यंत चढले, हात थरथरू लागले आणि मान ताठरली.

सिफू समोर येऊन उभे राहिले. त्यांनी एका हाताची दोन बोटे माझ्या कोपराखाली ठेवली, दुसऱ्या हाताने माझ्या तळव्यावर हलकेच दाब दिला आणि विचारले, “जोर कुठून येतो आहे?”

मी म्हणाले, “हातातून, सिफू.”

“हात तर वाटेत आहे.” त्यांनी कोपर बोटभर आत आणि खाली सरकवले. “आता खांद्याला सांग, हे तुझं काम नाही.”

सी-जेंनी हे वाक्य मला दोनदा भाषांतर करून सांगितले, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही की त्यांना एवढेच म्हणायचे आहे. कोपर खाली आले तसे खांदा आपोआप उतरला, आणि सिफूंच्या तळव्याचा दाब पहिल्यांदाच मला टाचेत जाणवला. तो क्षण दोन सेकंदांचा असेल. पुढच्या खेपेला तो हरवला. पुढचे पाच आठवडे आम्ही तोच शोधत होतो, आणि त्या पाच आठवड्यांत मला एकही नवी हालचाल दिली गेली नाही. जुन्या संस्थेत याच हालचालीसाठी मला एका तासाचा अवधी मिळाला होता आणि परीक्षकाने फक्त तर्जनी सरळ आहे का, हे पाहिले होते.

क्लासची सर्वात मोठी जमेची बाजू हीच आहे. इथे फॉर्ममधली प्रत्येक हालचाल तीन टप्प्यांत शिकवली जाते: आधी हवेत, मग कोणी तरी दाब देत असताना, आणि शेवटी समोरचा माणूस खरोखर पकडत किंवा ढकलत असताना. हुंग कुएनमध्ये पुलाचे बारा गुण सांगितले आहेत. कठोर, मृदू, दाबणारा, सरळ, विभागणारा, स्थिर, इंचभर अंतराचा, उचलणारा, धरून ठेवणारा, फिरवणारा, ताब्यात घेणारा आणि जुळवून घेणारा. कागदावर ही नुसती यादी आहे. सिफू मात्र गुंग जीतली एखादी हालचाल थांबवून विचारतात की आत्ता यांतला कोणता पूल चालू आहे, आणि उत्तर शब्दांत चालत नाही, हातानेच द्यावे लागते.

एकदा एका सी-हिंगने माझे मनगट दोन्ही हातांनी धरले. मी फॉर्ममधली सोडवणूक केली, म्हणजे माझ्या मते केली. हात तसूभर हलला नाही. मी अधिक जोर लावला, त्याने अधिक घट्ट धरले. सिफू लांबूनच म्हणाले, “फॉर्म कर.” मला वाटले, मी तेच तर करते आहे. मग लक्षात आले की फॉर्ममध्ये त्या जागी हाताच्या आधी घोडा सरकतो. आधी कंबर वळते, बैठक समोरून तिरकी होते, आणि हात त्या वळणाच्या मागून येतो. मी हात हलवायचा नाही असे ठरवून फक्त बैठक वळवली. सी-हिंग एक पाऊल पुढे ओढला गेला आणि त्याची पकड स्वतःच्याच वजनाने सुटली. तो हसला, पण मला तेव्हा हसू सुचले नाही. वर्षभर मी ज्या पावलाला निव्वळ दिशा बदलण्याची सोय समजत होते, तेच त्या हालचालीचे इंजिन होते. असे फॉर्ममध्ये किती ठिकाणी असेल, या विचाराने मी त्या रात्री घरी जाऊन अख्खा गुंग जी पुन्हा अगदी सावकाश केला.

गुंग जी पूर्ण व्हायला मला चौदा महिने लागले. ‘पूर्ण’ म्हणजे क्रम पाठ होऊन सिफूंनी मान डोलावली एवढेच; परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पट्टाही नाही. त्या दिवशी गुरुपरंपरेच्या फोटोंसमोर तीन उदबत्त्या लावायला सांगितल्या आणि पुढच्या तासाला फू होक सुरू झाला.

फू होक हा वाँग फेई-हुंग यांच्या नावाशी सर्वाधिक जोडलेला फॉर्म, आणि गुंग जीनंतर तो शिकताना एखाद्या चढणीनंतर मोकळे मैदान लागावे तसे वाटते. यातला वाघ सरळ येतो: पंजा उघडा, तळवा समोर, बोटे आकड्यासारखी वाकलेली, पकडायला आणि फाडायला. करकोचा मात्र बाजूला सरकतो, एका पायावर उभा राहतो, पाची बोटे जुळवून चोच करतो आणि वाकवलेल्या मनगटाच्या वरच्या बाजूनेही प्रहार करतो. पारंपरिक विचारात वाघ हाडे घडवतो आणि करकोचा सत्त्व राखतो, असे मानतात. मला व्यवहारात जाणवलेला फरक असा, की वाघाच्या हालचालीत चूक झाली तर ती जोराने झाकता येते, करकोच्याच्या हालचालीत झाकता येत नाही. एका पायावर उभे असताना मन जरा जरी दुसरीकडे गेले तरी घोटा लगेच सांगतो. ‘भुकेला वाघ मेंढरू धरतो’ ही यातली प्रसिद्ध जागा मला सर्वात आवडते. दोन्ही पंजे एकाच वेळी, एक वर आणि एक खाली, पुढच्या पावलासह झेपावतात, आणि ती नीट जमली की जमिनीवर पावलाचा आवाज आणि पंजांची झेप एकाच ठोक्यावर पडतात. माझ्याकडून अजून दहापैकी तीनदाच तसे होते.

सिनेमामुळे इथे पुष्कळ लोक येतात हे खरे आहे. क्वान ताक-हिंग यांनी १९४९ पासून वाँग फेई-हुंग यांची भूमिका इतक्या वेळा केली की या शहरातल्या कित्येक पिढ्यांच्या मनात त्या माणसाचा चेहरा त्यांचाच आहे. पडद्यावरच्या हालचाली मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या असतात. खोलीतला फू होक त्यापेक्षा आखूड, दाट आणि पुष्कळ जमिनीलगतचा आहे. पहिल्या महिन्यात गळणाऱ्यांपैकी बरेच जण बहुधा याच फरकामुळे गळतात.

पुढच्या दोन फॉर्मविषयी मी फक्त पाहणारीच्या भूमिकेतून लिहू शकते. पाच प्राण्यांच्या फॉर्ममध्ये ड्रॅगन, साप, वाघ, बिबट्या आणि करकोचा येतात, आणि धातू, लाकूड, पाणी, अग्नी व माती ही तत्त्वे मिळवली की दहा रूपे होतात. आमच्याकडे दहांचाच शिकवतात. तिट सिनची गोष्ट वेगळी आहे. तो परंपरेने लेउंग क्वान यांच्याकडून आला, ज्यांना लोक तिट किउ साम, म्हणजे ‘लोखंडी पुलाचा तिसरा’, म्हणत. त्यांचे शिष्य लाम फुक-सिंग यांच्याकडून तो वाँग फेई-हुंग यांनी घेतला. बैठक जवळजवळ जागेवर, हालचाली सावकाश, सर्व स्नायू ताणलेले, आणि प्रत्येक ताणासोबत पोटातून निघणारा वेगवेगळा आवाज. आमच्यातले दोन ज्येष्ठ तो करतात तेव्हा खोलीतली बाकी माणसे आपोआप थांबतात. एका आवाजात राग असतो, एकात हुंदक्यासारखे काही तरी असते, आणि तो आवाज हातात पसरताना दिसतो. इथे सिफूंचे एक धोरण मला फार जबाबदारीचे वाटते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या कोणालाही ते तिट सिन शिकवत नाहीत, आणि निरोगी माणसालाही आधीचे फॉर्म झाल्याशिवाय देत नाहीत. श्वास दाबून ताण देण्याचा हा प्रकार घाईने करण्याजोगा नाहीच. ‘महिन्यात तिट सिन’ असे कोणी सांगत असेल तर तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उणिवांकडे येते, आणि त्या कमी नाहीत. पहिली म्हणजे, अभ्यासक्रम कुठेही लिहिलेला नाही. आपण कुठवर आलो, पुढे काय आहे, साधारण किती काळ लागेल, याची नवख्या माणसाला कल्पनाच दिली जात नाही. मला ती नको होती, पण ज्याला या शहरात दोनच वर्षे काढायची आहेत त्याला ती देणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. दुसरी गोष्ट, शनिवारची गर्दी. त्या दिवशी सिंहनृत्याची मंडळीही सरावाला येतात, भिंतीवरची सिंहाची मुखे खाली उतरतात, ढोल सुरू होतो आणि फॉर्म करणाऱ्यांना एका कोपऱ्यात, एकमेकांच्या कोपरांत, उभे राहावे लागते. ढोलाच्या तालावर गुंग जी करण्यात मजा आहे हे मी मान्य करते, पण दुरुस्ती त्या दिवशी जवळजवळ होत नाही. जे नव्याने येणार असतील त्यांनी मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळीच यावे.

तिसरी उणीव मला अधिक महत्त्वाची वाटते. सिफूंचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि नवख्यांची बरीचशी दुरुस्ती आता सी-हिंग, सी-जे यांच्याकडे सोपवलेली असते. ती मंडळी मनापासून शिकवतात, पण प्रत्येकाचा हात वेगळा आहे. एका सी-हिंगने माझी वाघाची बोटे अधिक उघडी केली, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने ती पुन्हा आवळली. दोघांचीही कारणे पटण्यासारखी होती. शेवटी मी थेट सिफूंना विचारले, आणि त्यांनी माझा पंजा स्वतःच्या दंडावर ठेवून म्हटले, “पकड.” पकडताना बोटे जिथे थांबली तेच माप. हे उत्तर अप्रतिम होते, पण ते मिळवायला मला दोन महिने गोंधळात काढावे लागले. महिन्यातून एकदा सर्वांनी सिफूंसमोर फॉर्म करावा एवढी साधी व्यवस्था केली तर हा गोंधळ टळेल. मी तसे सी-जेंमार्फत सुचवले आहे. अजून तरी झालेले नाही.

जोडीने करायचा सराव वर्षभरानंतर नियमित सुरू होतो, हेही मला उशिराचे वाटते. मनगट धरण्याचा जो प्रसंग वर सांगितला तो चौथ्या-पाचव्या महिन्यात घडला असता तर मी कितीतरी हालचाली आधीच वेगळ्या नजरेने केल्या असत्या. सिफूंचे म्हणणे असे, की बैठक तयार नसताना जोडीदार दिला तर माणूस खांद्याने लढायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. माझ्या जुन्या सवयी पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमत नाही, तरी हलक्या दाबाचा सराव आधी देता येईल असे मला अजूनही वाटते.

शुल्क महिन्याला ९०० हाँगकाँग डॉलर आहे आणि त्यात आठवड्याच्या तिन्ही दिवसांना येता येते. नोंदणीचे, परीक्षेचे, गणवेशाचे वेगळे पैसे नाहीत. काळी विजार आणि साधा टी-शर्ट पुरतो. सपाट तळव्याचे कापडी बूट घ्यावेत, धावण्याचे जाड तळव्याचे बूट बैठकीला नडतात. मुका मार लागला तर सिफू स्वतः मुरवलेले दिट दा जाउ, म्हणजे मद्यात वनौषधी भिजवून केलेले मालिशचे औषध, चोळून देतात. त्याचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. दारूचे पिंप, उदबत्त्या आणि जुन्या लाकडाचा मिळून जो वास या खोलीत भरलेला असतो, तो आता मला जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावरच येऊ लागतो. स्वच्छतागृह एकच आहे, कपडे बदलायला पडद्यामागची जागा आहे, आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर या चार मजल्यांचा विचार आधी करावा.

पहिला तास विनाशुल्क असतो आणि त्यात बहुधा फक्त उभे राहायला सांगतात. झटपट स्वसंरक्षण हवे असेल किंवा घाम काढणारा व्यायाम हवा असेल, तर या शहरात त्यासाठी याहून सोयीच्या जागा आहेत. ज्याला एखादी गोष्ट एकाच जागी उभे राहून खणायची आहे, ज्याला चौदा महिने एकाच फॉर्मचे ओझे वाटणार नाही, आणि ज्याला कोणी कोपराखाली दोन बोटे ठेवून चूक दाखवली तर आनंद होतो, त्याने इथे यावे. कँटोनीज येत नसेल तरी अडत नाही, मात्र आकडे, डावे-उजवे आणि शरीराच्या अवयवांची नावे आधी शिकून यावीत. सी-जे प्रत्येक वेळी शेजारी असतीलच असे नाही.

मागच्या गुरुवारी फू होकमधल्या करकोच्याच्या एका जागेवर सिफूंनी मला पुन्हा गुंग जीकडे पाठवले. चोचीचे मनगट वाकत नव्हते, आणि त्यांच्या मते त्याचे कारण तर्जनी उभी करून तळवे ढकलायच्या त्याच जुन्या जागेत होते. त्यामुळे सध्या मी पुन्हा तिथे आहे, तीन वेळा पुढे, तीन वेळा मागे, आणि कोपर अजून बोटभर वर राहते आहे.